क्लब कंपनीचा, पोरं आक्कांची

आक्का लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा मागच्या भिंतीपलीकडे काय आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच शनिवारी त्या स्वयंपाकघरात बरण्या पुसत होत्या आणि भिंतीपलीकडून हजारभर माणसं एकदम ओरडली. हातातली बरणी खाली पडून फुटली. आक्का धावत पुढच्या दारात आल्या. शेजारीण पायरीवर निवांत बसली होती.

"काही नाही हो," ती म्हणाली, "गोल झाला."

"अगं बाई! कुणाला झाला?" आक्कांनी विचारलं.

हा प्रश्न शेजारणीने गल्लीभर केला आणि पुढे कितीतरी वर्षं आक्कांना त्यावरून चिडवलं गेलं. नवरा संध्याकाळी घरी आला तो आवाज बसलेला, डोळे लाल, चेहरा मात्र एखाद्या नवरदेवासारखा खुललेला. प्रत्यक्ष लग्नात तो इतका खुलला नव्हता, असं आक्कांना वाटून गेलं. तो एका कारखान्यात लेथ चालवायचा. सगळे त्याला टर्नरच म्हणत. आक्का अर्थात 'अहो' म्हणत.

घर क्लबच्या मैदानाला चिकटून होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदानाचा एक कोपरा दिसे. कॉर्नरचा छोटा झेंडा, त्याच्या आजूबाजूचं गवत आणि गोलचा अर्धा खांब, बस. बाकीचं मैदान भिंतीने आणि लाकडी स्टँडने झाकलेलं. आक्कांचं फुटबॉल म्हणजे तेवढंच. मधूनच कुणीतरी धावत त्या कोपऱ्यात यायचं, चेंडू ठेवायचं, लाथ मारायचं आणि परत दिसेनासं व्हायचं. पुढे काय झालं ते आरडाओरड्यावरून ओळखायचं. आनंदाचा आवाज वर चढत जातो आणि निराशेचा एकदम बसतो, हे त्यांना लवकरच कळलं. टर्नर घरी यायच्या आत त्यांना निकाल कळलेला असे आणि त्याप्रमाणे त्या जेवणाची तयारी करत. हरलेल्या दिवशी टर्नरना मऊ, पातळ काहीतरी लागे. जिंकल्यावर ते काहीही खात.

आत जाऊन सामना पाहायचं मात्र आक्कांच्या कधी मनात आलं नाही. तिथे बायका जात नव्हत्या. बायकांसाठी साधी मुतारीसुद्धा नव्हती. आणि घरातलं एक माणूस जातंय तेवढं पुरे, असं त्यांचं मत होतं.

त्यांचं आणि क्लबचं नातं जुळलं ते भांडणातून. सरावाच्या वेळी चेंडू भिंतीवरून अंगणात येत आणि कुंड्या फुटत. दर कुंडीमागे आक्का एक चेंडू जप्त करत आणि खाटेखाली सरकवून देत. शेवटी क्लबचा सेक्रेटरी स्वतः आला. गरीब माणूस होता, कपड्याच्या दुकानात काम करून फावल्या वेळात क्लब सांभाळायचा. मागच्या खोलीत खाटेखाली वाकून चेंडू बाहेर काढता काढता त्याने विचारलं, "ही खोली कुणाची?"

"सासऱ्यांची होती. आता रिकामीच आहे."

सेक्रेटरी तसाच जमिनीवर बसला. नवा गोलकीपर येतोय, लांबून येतोय, राहायला जागा नाही, पोरगा शांत आहे, असं तो सांगू लागला. आक्का 'नाही' म्हणायला तोंड उघडेपर्यंत टर्नर 'हो' म्हणून मोकळे झाले होते.

गोलकीपर आला तो दाराच्या चौकटीवर कपाळ आपटूनच. इतका उंच माणूस आक्कांनी त्याआधी पाहिला नव्हता. रात्री त्याचे पाय खाटेबाहेर लोंबकळत. टर्नरनी कारखान्यातून लोखंडी नळ्यांचे तुकडे आणले आणि खाटेला हातभर लांबी जोडली. टर्नरनी ते काम इतक्या हौसेने केलं की आक्का म्हणाल्या, "माझं कपाट गेल्या वर्षापासून डुगडुगतंय." कपाट त्यानंतरही डुगडुगतच राहिलं.

गोलकीपर बरीच वर्षं राहिला. आक्कांची मुलगी तेव्हा लहान होती. ती त्याच्या खांद्यावर बसून दिव्याचे बल्ब बदलायची. त्याचं लग्न झालं, तो वेगळा राहायला गेला, मग दुसरा आला, तिसरा आला. एक विंगर होता तो झोपेतही पळायचा. त्याची चादर सकाळी दारापाशी सापडायची. एक बॅक होता. मैदानावर लोक त्याला पाहून वाट बदलत, आणि हा गडी भिंतीवर पाल दिसली की आक्कांना हाका मारायचा. सगळ्यांना आक्कांचा एकच नियम होता, चिखलाचे बूट नळापाशी थांबतील, आत येणार नाहीत. पोरं दोन-दोन, तीन-तीन वर्षं राहत. कोण चहात साखर किती घेतो, कोण हरल्यावर बोलत नाही आणि कोण जिंकल्यावर रडतो, हे कळायला तेवढा काळ लागतोच. शनिवारी सकाळी टर्नर बुटांना पॉलिश करत, जुना स्वेटर चढवत, आणि बरोबर जेवणं आटोपता आटोपता पोस्टमनची शीळ ऐकू येई. पोस्टमन म्हणजे टर्नरचा तरुणपणापासूनचा मित्र. सकाळी टपाल वाटायचा, दुपारी टर्नरशेजारी त्याच बाकावर बसून रेफरीचा उद्धार करायचा. आक्कांना अजूनही आठवण आली तर ती त्या शिळेची येते. ती शीळ झाली की घर रिकामं होई आणि पुढचा दीड तास घर त्यांच्या एकटीचं असे.

मग क्लब विकला गेला.

क्लबला घरघर लागली होती हे सगळ्यांना दिसत होतं. स्टँडचं छप्पर गळत होतं, अर्धे दिवे बंद होते, आणि कपड्याच्या दुकानातला सेक्रेटरी म्हातारा होऊन घरी बसला होता. क्लब घेणारी कंपनी परदेशातली होती. तिच्याकडे वेगवेगळ्या देशांत मिळून पाच क्लब आधीच होते. हा सहावा.

बातमी आली त्या संध्याकाळी टर्नर आणि पोस्टमन आक्कांच्या पुढच्या खोलीत बसले होते. चहा निवून गेला होता.

"सहावा!" टर्नर म्हणाले. "त्यांना आपलं नाव तरी धड घेता येतं का?"

"नावाचं काय घेऊन बसलास?" पोस्टमन म्हणाले. "छप्पर गळायचं थांबेल. दिवे लागतील. गेल्या वर्षी आपण छत्री घेऊन आत बसलो होतो, विसरलास?"

"घर गळतं म्हणून कुणी बाप बदलत नाही."

"बाप कुठे बदलतोय? मालक बदलला, एवढंच. आपण तेव्हाही भाडेकरू होतो, आताही आहोत."

"मी भाडेकरू नव्हतो," टर्नर म्हणाले. आवाज न चढवता म्हणाले. पोस्टमननी निवलेला चहा एका घोटात संपवला.

"अरे, मोठ्या घरात सून म्हणून गेली पोरगी, तर रडायचं कशाला?"

"सून नाही, मोलकरीण! पहिल्या नंबरचा क्लब ती पाटराणी. तिच्यासाठी आपण पोरं वाढवायची, आणि चालायला लागली की तिच्या दारात नेऊन सोडायची."

आक्का आतून म्हणाल्या, "आणि मधल्या काळात त्यांना जेवायला कोण घालणार, ते ठरलं का?"

दोघांनीही त्याचा विचार केला नव्हता.

पहिल्या वर्षी पोस्टमनचं खरं ठरलं. छप्पर नवं आलं, दिवे आले, गवत असं आलं की आक्कांना खिडकीतून तो कोपरा ओळखूच येईना. बायकांसाठी स्वच्छ मुताऱ्यासुद्धा झाल्या. आक्का म्हणाल्या, "तुमच्या क्लबला जन्मात जे सुचलं नाही, ते परक्यांना सुचलं बघा." टर्नरना हे फार लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

दुसऱ्या वर्षी टर्नरचं खरं ठरलं. भर मोसमात, संघ वर चढत असताना, सगळ्यात जास्त गोल करणारा गडी त्या पहिल्या नंबरच्या क्लबने उचलून नेला. बदल्यात कंपनीच्या कुठल्याशा दुसऱ्या क्लबातून एकजण आला, जो येतानाच लंगडत होता. कप्तानाला निरोपाचे दोन शब्द बोलायचीही सवड मिळाली नाही. टर्नर दुसऱ्या दिवशी क्लबच्या कचेरीत गेले, खिशातून सभासदाचं कार्ड काढलं आणि खिडकीवर ठेवलं. "क्लब कंपनीचा आहे तोवर मी फाटकाच्या आत पाऊल टाकणार नाही," असं ते म्हणाले. खिडकीतली मुलगी नवी होती. तिने विचारलं, "काका, कार्ड हरवलं होतं का?"

त्या शनिवारी पोस्टमनची शीळ झाली. टर्नर जागचे हलले नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा झाली, जरा हळू. मग पावलं एकटीच निघून गेली. त्यानंतर पोस्टमन शनिवारी पलीकडच्या रस्त्याने जाऊ लागले. दोघांचं भांडण झालं असं काही नाही, फक्त दोघांनाही एकमेकांसमोर अवघडल्यासारखं व्हायचं. टर्नर शनिवारची दुपार पुढच्या खोलीत बसून काढत. वर्तमानपत्र हातात असे आणि पान उलटत नसे. भिंतीपलीकडून ओरडा आला की कान आधी वळत आणि मागून मान वळू नये म्हणून ते ती ताठ धरत. आक्कांना हसूही येई आणि वाईटही वाटे.

मागची खोली तोवर रिकामी झाली होती. कंपनी खेळाडूंसाठी वसतिगृह बांधत होती. एक दिवस गोलकीपर आला. आता त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते आणि तो क्लबात नव्या गोलकीपरांना शिकवायचा. चौकटीखाली वाकून आत येत तो म्हणाला, "आक्का, एक पोरगा आहे. वसतिगृहाचं काम संपेपर्यंत, एकच महिना."

"कंपनीचा माणूस या घरात?" टर्नर उसळले.

"काका, कंपनी कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही. समुद्रापलीकडून आलाय. भाषा येत नाही. आल्यापासून नीट जेवलेला नाही."

"घेऊन ये," आक्का म्हणाल्या. या वेळी 'नाही' म्हणायला टर्नरना उशीर झाला.

पोरगा आला तो लहानखुरा, मोठ्या डोळ्यांचा. डाव्या पायाने खेळायचा, म्हणून गल्लीने त्याला दुसऱ्याच दिवशी डावरा करून टाकलं. गोलकीपरसाठी लांब केलेल्या खाटेवर तो असा दिसायचा जणू कुणी उशी विसरून गेलंय. भाषेचं काम खाणाखुणांवर चाले. 'पाणी', 'झोप', 'बस' हे शब्द तो चटकन शिकला. आणि आक्का घरात दिवसभर ज्या नावाने टर्नरना हाक मारत, तेच त्यांचं नाव असणार, असा त्याने सरळ हिशेब केला. एका सकाळी तो दात घासता घासता टर्नरना म्हणाला, "अहो, गुड मॉर्निंग!"

आक्कांच्या हातातलं दूध सांडलं. टर्नरनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याची चूक दुरुस्त करायची तर 'अहो' म्हणजे काय हे खुणांनी सांगावं लागलं असतं आणि ते कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा टर्नर त्या दिवसापासून दोघांचेही 'अहो' झाले.

संध्याकाळी डावरा अंगणातल्या भिंतीवर चेंडू मारत बसे. टर्नर ओट्यावर पाठ करून बसत. हळूहळू ती पाठ वळली. एक दिवस त्यांनी पोराचे बूट हातात घेतले, तळाचे झिजलेले खुंट अंगठ्याने चाचपले आणि बूट घेऊन बाहेर पडले. कारखान्यातून ते निवृत्त झाले होते, पण लेथ अजून ओळखीची होती. परत आले तेव्हा खुंट नवे होते. डावऱ्याने बूट घातले, दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, "अहो, बस!" त्याच्या शब्दसंग्रहात त्याहून मोठी दाद नव्हती.

एका महिन्याचे किती झाले ते कुणी विचारलं नाही. वसतिगृह तयार झालं तरी डावरा हलला नाही. आणि आक्कांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या खिडकीतल्या कोपऱ्याला चेहरा आला, कारण कॉर्नर डावराच घ्यायचा. चेंडू ठेवून झाला की तो मान वर करून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघायचा आणि हात हलवायचा. आक्का जे हातात असेल ते हलवत, पळी, फडकं, एकदा तर पडवळ. समोरच्या संघाला वाटे ही कुठली तरी खूण आहे. त्यांचे बॅक उगाच इकडून तिकडे पळत. कॉर्नरची शिट्टी झाली की टर्नरना नेमकी तहान लागे. ते आक्कांच्या मागे येऊन उभे राहत आणि तोंडाला लावलेला पेला तसाच राहून जाई.

तो गेला मंगळवारी. गोलकीपर दारात आला, पण या वेळी आत आला नाही. कंपनीच्या तिसऱ्या क्लबातल्या विंगरचा पाय मोडला होता. डावऱ्याला आजच निघायचं होतं. आक्कांनी सकाळीच त्याचे मोजे धुतले होते आणि ते दोरीवर ओले होते. त्यांनी ते काढले, एकेक करून इस्त्रीखाली धरले, वाफ निघून वाळेपर्यंत. डोळे वाफेने चुरचुरतायत असं त्या म्हणाल्या. पोरगा बॅग घेऊन उभा होता. "अहो, बाय," तो म्हणाला आणि आक्कांच्या खांद्यात तोंड खुपसून पटकन निघून गेला.

"बघितलंस?" टर्नर म्हणाले. "पार्सल केलं पोराचं. विचार त्या पोस्टमनला, पार्सलवरसुद्धा पाठवणाऱ्याचं नाव असतं."

आक्कांनी खरंच पोस्टमनला विचारलं, पण वेगळंच. त्यांच्याकडे सगळ्या जगातले निकाल दाखवणारा फोन होता. "भावजी, त्या तिसऱ्या क्लबाचं काय झालं हो या शनिवारी?" मग कळलं की झोपेत पळणारा विंगर आता पाचव्या क्लबात मुलांना शिकवतो. मग त्याचंही विचारणं आलं. असं करत करत कंपनीच्या सहाही क्लबांची खबर ठेवणारं माणूस सगळ्या गावात एकच उरलं आणि ते म्हणजे आक्का, ज्यांना ऑफसाइड म्हणजे काय ते अजून नीट कळलं नव्हतं. पोस्टमन दारातूनच खबर देऊन गेले की टर्नर वर्तमानपत्राआडून विचारत, "काय झालं तिकडे?"

"कुठे तिकडे?"

"तिकडेच."

पुढच्या मोसमाच्या आधी कंपनीने आपल्याच दोन क्लबांचा सामना ठेवला. तिसरा क्लब इथे खेळायला येणार होता. रस्त्यावर मोठमोठे फलक लागले, 'एक कुटुंब, एक मैदान'. टर्नरनी फलक वाचला आणि घरी येऊन चप्पल जोरात काढली. "कुटुंबाला बोर्ड लावावा लागतो का कधी?"

"बोर्ड राहू द्या," आक्का म्हणाल्या. "पोरगं येतंय. मी जाणार आहे."

"तू? आत?"

"इतकी वर्षं तुम्ही जात होतात, म्हणून मी गेले नाही. घरातलं कुणीतरी जायला हवं ना."

परगावी नोकरी करणाऱ्या मुलीला फोनवर कळलं तेव्हा ती हसायलाच लागली. "बाबा घरी आणि आई मॅचला? जग बुडणार आहे का?"

आक्का पोस्टमनबरोबर गेल्या. फाटकातून आत येऊन त्या जागीच थांबल्या. "एवढं मोठं असतं?" त्यांच्या मनात सगळा खेळ त्या कोपऱ्याएवढ्या जागेत मावला होता. हिरवं मैदान दूरपर्यंत पसरलेलं पाहून त्यांना आपल्या नवऱ्याचं अर्धं आयुष्य पहिल्यांदाच दिसल्यासारखं वाटलं. तो बाक, तो गोल, ती पायऱ्यांवरची माणसं, सगळं ते रोज बोलायचे आणि त्या कणीक तिंबत नुसतं 'हं' म्हणायच्या.

स्टँडमध्ये लोकांचं एकमत नव्हतं. काहींनी काळ्या फिती लावल्या होत्या. काही पोरं कंपनीची नवी टोपी घालून नाचत होती. मागे बसलेला एक न्हावी म्हणत होता, "दोन्ही खिसे एकाच कोटाचे, कुठला का भरेना." पोस्टमन आपले मधूनच सगळ्यांना समजावत होते आणि कुणालाच पटत नव्हतं. हल्ली त्यांना स्वतःलाही पूर्वीइतकं पटत नव्हतं.

दुसऱ्या अर्ध्यात डावरा अलीकडच्या बाजूला आला. जरा भरला होता. त्याला कॉर्नर मिळाला, तोच, आक्कांच्या खिडकीखालचा. त्याने चेंडू ठेवला आणि सवयीने मान वर केली. आक्कांनीही स्टँडमधून तिकडे बघितलं. खिडकीत टर्नर उभे होते. डावऱ्याने हात हलवला. टर्नरनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि मग हातातलं फडकं असं हलवलं की बहुधा ते कुणाच्याही नजरेतून सुटलं नसेल.

"वहिनी," पोस्टमन म्हणाले, "तुमच्या स्वयंपाकघरात कोण आहे?"

"कुणी नाही," आक्का म्हणाल्या. "पाणी प्यायला आले असतील."

त्या कॉर्नरवर गोल झाला. आपल्यावर झाला आणि त्याच गोलने सामना गेला. लोकांना टाळ्या वाजवाव्यात की शिव्या द्याव्यात हे कळेना. आक्कांनी वाजवल्या.

सामना संपल्यावर डावरा मागच्या गल्लीतून घरी आला, बूट नळापाशी काढून. बस निघायला थोडा वेळ होता. आक्कांनी ताट वाढलं. त्याला आता बऱ्यापैकी बोलता येत होतं. तिकडे गेल्यावर तो फोनवर गोलकीपरशी बोलून बोलून शिकला होता. खाता खाता तो म्हणाला, "आपण आज वाईट खेळलो. मागे कोणी नाही. आपली बॅक झोपली."

"अरे, आपण म्हणजे कोण?" आक्का म्हणाल्या. "तुम्ही तर जिंकलात. तू म्हण, 'आम्ही जिंकलो, तुम्ही हरलात.'"

तो घास हातात धरून विचारात पडला. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक त्याला कधी कळलाच नव्हता.

टर्नर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "राहू दे. त्याला तेवढं शिकवू नकोस."

जेवून तो मागच्या खोलीत डोकावायला गेला आणि परत आलाच नाही. आक्कांनी पाहिलं तर खाटेवर आडवा होऊन गाढ झोपला होता. बाहेर बसचा हॉर्न वाजू लागला. थोड्या वेळाने दारावर थाप पडली.

कंपनी आपल्या दारात आली तर काय काय सुनवायचं, हे टर्नरनी दोन वर्षं घोकून ठेवलं होतं. त्यांनी दार उघडलं. कंपनी म्हणजे तिशीतला एक माणूस निघाला. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, शर्ट घामाने चिकटलेला, हातात बंद पडलेला फोन. संघाच्या इथल्या प्रवासाची व्यवस्था त्याच्याकडे होती. तो म्हणाला, "माफ करा. आमचा एक खेळाडू... जरा पाणी मिळेल का?"

टर्नरनी स्वतः पाणी आणून दिलं. त्यांनी खुर्ची पुढे केली. त्या माणसाने पाणी पिऊन भिंतीवरचे संघांचे जुने फोटो पाहिले, एकेक करून, सवड काढून.

"तू मूळ कुठल्या क्लबचा?" टर्नरनी विचारलं. "म्हणजे लहानपणापासून कुणाचा?"

त्याने एक नाव सांगितलं. टर्नरनी ते कधी ऐकलं नव्हतं.

"आता नाही तो," तो म्हणाला. "दुसऱ्याच एका कंपनीने घेतला, शेजारच्या क्लबात मिसळला, मग बंद केला. मैदानावर गोदाम आहे. माझे वडील अजून शनिवारी तिकडून फेरी मारून येतात."

"आणि तरी तू हेच काम करतोस?"

"मला फुटबॉलशिवाय काही येत नाही, काका. आणि करायचं तर ज्यांच्याकडे क्लब आहेत त्यांच्याकडेच करावं लागतं."

हॉर्न पुन्हा वाजला. तो उठू लागला तेव्हा टर्नरनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं. "बस रे. त्याला झोपू दे जरा. बस काही पोराला टाकून जाणार नाही." आणि खिडकीतून बाहेर तोंड काढून ते ओरडले, "अरे पोस्टमन! त्या ड्रायव्हरला गप्प कर!"

गेल्या दोन वर्षांत त्यांनी पोस्टमनला मारलेली ती पहिली हाक. पोस्टमन ड्रायव्हरकडे गेले नाहीत. ते आधी घरात आले, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वहिनी, चहा."

टर्नर पुन्हा सभासद झाले नाहीत. शब्द म्हणजे शब्द. पण गुरुवारचा सराव बघायला तिकीट नसतं आणि सराव हल्ली होतो तो पलीकडच्या उघड्या मैदानावर, तिथे फाटकच नाही. हे त्यांच्या लक्षात आल्यावर ते आणि पोस्टमन दर गुरुवारी तिथे कठड्यावर जाऊन बसू लागले. शनिवारी मात्र आक्का जात, पाठीला लावायची उशी आणि पाण्याची बाटली घेऊन, आणि घरी येऊन सगळं सांगत. टर्नर उलटतपासणी घेत.

कंपनीने पुढे क्लब विकला. घेणारी दुसरी कंपनीच होती, तिच्याकडे फक्त तीन क्लब होते. "निदान भावंडं कमी झाली," पोस्टमन म्हणाले. डावरा काही फार मोठा खेळाडू झाला नाही. दोन-तीन क्लब फिरला, गुडघा दुखावला आणि आपल्या गावी परत गेला. तिथे त्याचं टायरचं दुकान आहे. दुकानाचा फोटो त्याने पाठवला होता, त्यात तो बराच जाड दिसतो. जुने लोक भेटले की आक्कांना विचारतात, कोणते दिवस बरे होते हो, क्लब आपला होता तेव्हाचे की नंतरचे? त्या म्हणतात की दिवस सगळे सारखेच होते, पूर्वी पोरं जास्त दिवस राहायची, एवढंच.

परवाच्या गुरुवारी टर्नर सरावाहून आले ते तणतणतच. "तो नवा उजवा बॅक! चेंडू आला की आधी जमिनीकडे बघतो. गोलकीपरला सांग, म्हणावं, त्याला मान वर करायला शिकव."

"तुम्हीच सांगा की. दर गुरुवारी भेटतो तो तुम्हाला."

"मी कशाला सांगू? मी क्लबचा कोण?"

आक्कांनी भाजी चिरता चिरता मान हलवली. "बरं," त्या म्हणाल्या, "शनिवारी सांगते."